फॉर्मॅलिनमधली सोळा वर्षं

जुन्या लॅबमधल्या आम्ही दोघी-तिघी भेटलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग सुनांची. दुसरा चहा येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "सुरेखा, ती मनमाडच्या बाटलीची गंमत सांग ना!" मी सांगते, सगळ्या हसतात. मग त्या गमतीवरून दुसरी आठवते, दुसरीवरून तिसरी. सांगून संपत नाही, उलट प्रत्येक वेळी एखादी वाढलेली असते. आणि घरी परत जाताना रिक्षात माझ्या लक्षात येतं, की हसत हसत सांगितल्या त्यातल्या निम्म्या गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्याच. ज्या दिवशी घडल्या त्या दिवशी तर मुळीच नव्हत्या.

मी मूळची नामपूरची. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून ब्याण्णव साली नाशिकला आले आणि शरणपूर रोडच्या मागच्या एका गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, ती सोळा वर्षं तिथेच होते. खाली रक्त-लघवी, वरच्या मजल्यावर आमचं हिस्टो. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, पित्ताशय, गर्भाशय, जे काय असेल ते वर यायचं. आम्ही ते मेणात बसवायचं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचं, काचेवर घेऊन रंगवायचं आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचं. कॅन्सर आहे की नाही, ते मॅडम सांगायच्या.

पण हे सगळं नंतरचं. मांस शरीराबाहेर आलं की सडायला लागतं. ते आहे तसं जागच्या जागी थांबवायचं काम फॉर्मॅलिनचं. ते जमलं नाही तर पुढचं सगळं फुकट!

वर माणसं तीनच. मॅडम, मी आणि रामदासभाऊ. रामदासभाऊ मखमलाबादचे, घरची फुलशेती, शिक्षण दहावी. माझ्याआधी दहा वर्षं तिथे होते. फॉर्मॅलिन त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, मलासुद्धा नाही, असं मॅडम स्वतः सांगायच्या.

*

पहिल्या दिवशी रामदासभाऊंनी माझ्यासमोर कॅन उघडला आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. नाक चुरचुरतंय, घसा जळतोय, पदर ओला झाला.

"रडून घ्या ताई, रडून घ्या," रामदासभाऊ मोजपात्रात शांतपणे ओतत म्हणाले. "नव्या सुनेसारखं असतं हे. वर्षभरानं सवय होते. मग काही झालं तरी डोळ्यात पाणी येत नाही!"

"वर्षभर?"

"हुशार असाल तर सहा महिने."

मी फारच हुशार निघाले. चार महिन्यांत झाली सवय. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

*

आता ती मनमाडची बाटली.

मनमाडला एक सर्जन होते. हात फार चांगला, पण बाटलीची समज अजिबात नाही. एकदा त्यांनी एक पित्ताशय पाठवलं ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत! ताजं होतं तेव्हा मऊ पिशवीसारखं घडी होऊन आत गेलं असणार. फॉर्मॅलिनमध्ये मांस कडक होतं. ते आत जाऊन फुगलं, ताठरलं आणि बसलं. रामदासभाऊ अर्धा तास चिमटा घालून ओढत होते. कपाळाला घाम.

"अडलेलं बाळंतपण आहे, ताई!"

मी मनमाडला फोन लावला. "डॉक्टर, हे आत कसं घातलंत?"

"सहज गेलं की!"

"आता बाहेर येत नाहीये."

"का? तुम्ही काय केलंत त्याला?"

शेवटी रामदासभाऊंनी बाटली टॉवेलात गुंडाळली आणि हातोडीने फोडली. त्या मांसातून काचेचे कण वेचायला आम्हाला दुपार लागली. मी डॉक्टरांना निक्षून सांगितलं, "यापुढे मोठ्या तोंडाची बरणी!"

पुढच्याच आठवड्यात मनमाडहून बरणी आली. लोणच्याची, वीतभर तोंडाची. झाकण उघडलं, आत छातीतली एक गाठ. कोरडी ठाक!

फोनवर डॉक्टर खुशीत होते. "या वेळी बरणी बरोबर आहे ना?"

"बरणी बरोबर आहे, डॉक्टर. फॉर्मॅलिन कुठंय?"

पलीकडून हळूच आवाज आला, "ते... बाटलीतच राहिलं."

*

एका मे महिन्यात आमच्याच नामपूरकडचा एक माणूस आला. पांढरी टोपी, छातीशी धरलेली कापडी पिशवी. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली.

"कुणाची गाठ आहे, भाऊ?"

"मन्ही बायकोनी शे, ताई."

मी नामपूरची म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. मग त्याने सगळं सांगितलं. गावाकडच्या सर्जनने गाठ काढून बाटलीत औषध घालून दिलं होतं. बसमध्ये झाकण सैल झालं, वास सुटला, लोक खोकायला लागले. कंडक्टर म्हणाला, एक तर ते औषध फेका नाही तर उतरा. याने सटाण्याला उतरून औषध ओतून दिलं, बाटली स्वच्छ धुतली आणि स्टँडवरच्या नळाचं पाणी भरलं. लग्नसराई होती, पुढच्या बस भरून जात होत्या, म्हणून सटाण्यालाच पाहुण्यांकडे मुक्काम केला.

"पण कोरडी पडू दिली नाही, ताई! सटाण्याला दोनदा पाणी बदललं, देवळ्याला बदललं, पिंपळगावला बदललं. एकदम स्वच्छ पाणी. जरासुद्धा घाण होऊ दिली नाही!"

मी झाकण उघडलं आणि वास येताच बंद केलं.

तरी मॅडम म्हणाल्या, करून बघू. केलं. मायक्रोस्कोपखाली काहीच नव्हतं. पाटीवर लिहून ओल्या हाताने पुसावं तसं. रिपोर्ट असा गेला, की सडल्यामुळे मत देता येत नाही. एरवी अशा वेळी मॅडम समोरच्याला सोलून काढायच्या, सर्जन असो की कुणी असो. तो माणूस चार दिवसांनी रिपोर्ट घ्यायला आला आणि म्हणाला, "पण मॅडम, मी पाणी तर बदलत होतो ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "हो. तुम्ही सगळं नीट केलंत. चूक आमची. बाटलीवर कुणी काही लिहिलंच नव्हतं."

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरात मराठी चिठ्ठी लागली: 'आतले औषध ओतू नये. पाणी घालू नये.' गावोगावच्या डॉक्टरांना आम्ही त्याच बाटल्या भरून पाठवू लागलो.

त्या बाईंचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. नामपूरला गेले की मी चौकशी करायचे. दोनदा केली. दुसऱ्यांदा उत्तर देणाऱ्याने जरा विषय बदलला. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

*

पेठकडच्या डोंगरातून एकदा बाटली आली. आत स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी आणि पायावरच्या जखमेचा तुकडा. रामदासभाऊंनी झाकण उघडून हुंगलं आणि मान हलवली.

"पाणीच दिसतंय, ताई. अजून एक सडलेलं."

मी तीन हात लांब होते. तिथूनच मला भपकारा आला. "अहो भाऊ, पाणी कसलं? मोहाची आहे ही!"

पिशवीच्या तळाशी तिथल्या सिस्टरची चिठ्ठी निघाली. 'फॉर्मॅलिन संपले आहे. डॉक्टर म्हणाले स्पिरिट घाला. स्पिरिटही संपले आहे. म्हणून पहिल्या धारेची घातली आहे. राग मानू नये.'

आम्ही पोट धरून हसलो. दारूत मांस टिकतं, फॉर्मॅलिनइतकं नाही, पण टिकतं. मॅडमनी काच बघितली आणि खाली मान घालूनच म्हणाल्या, "मनमाडपेक्षा खूप चांगलं आहे!"

रिपोर्ट व्यवस्थित गेला. एसटीच्या पार्सलने पेठला फॉर्मॅलिनचा कॅनही गेला. हसण्याच्या नादात एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. तीन हातांवरून मला आलेला वास बाटलीला नाक लावून उभ्या असलेल्या रामदासभाऊंना आला नव्हता.

*

ते कळलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. रामदासभाऊ दरवर्षी घरची फुलं आणायचे. त्या वर्षी निशिगंधाची मोठी पाटी घेऊन आले. खालच्या मजल्यावरचे लोक वासानेच वर आले. सगळ्यांना फुलं वाटून झाल्यावर रामदासभाऊ माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगा. वास येतोय का याला?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "म्हणजे काय? दाराबाहेरसुद्धा येतोय!"

"घरचे पण तेच म्हणतात," ते म्हणाले. "यंदा फार वास आहे म्हणतात. मला काही कळेना. म्हटलं, लॅबमधल्या माणसाला विचारावं."

किती दिवसांपासून, असं मी विचारलं. त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली.

मी मॅडमना सांगितलं. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढच्या महिन्यात भिंत फोडून हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसला. तो आधीच बसायला हवा होता. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे रोज पदराने, रुमालाने डोळे पुसत काम करत होते.

पंखा सुरू झाला तेव्हा मॅडम रामदासभाऊंना म्हणाल्या, "कसा आहे?"

"एक नंबर आहे, मॅडम!" रामदासभाऊ अगदी मनापासून म्हणाले. "वास म्हणून येत नाही!"

*

थंडीचा एक छोटा किस्सा. नाशिकची थंडी कडक पडली की कॅनमधल्या दाट फॉर्मॅलिनमध्ये पांढरा साका बसतो, दूध नासल्यासारखा. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण तेव्हा शिकायला आलेली एक मुलगी होती, तिला ते माहीत नव्हतं. सकाळी सगळ्यांच्या आधी आली, कॅन बघितला, नासलाय म्हणून मोरीत ओतून दिला. अख्खा!

दहा मिनिटांत सगळी बिल्डिंग रस्त्यावर. खालचे पेशंट, समोरचे वकील, आमच्या वरचं बिऱ्हाड, सगळे डोळ्यांना रुमाल लावून उभे. कोपऱ्यावर भाजीची गाडी लावणाऱ्या मावशी लगबगीने आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही, मावशी," रामदासभाऊ म्हणाले. "कॅन गेला!"

ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिला कुणी ओरडलं नव्हतं. पण 'असू दे, ये उद्या' असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी तरी म्हणायला हवं होतं.

*

हा माझा स्वतःचा आहे. हा मी चहाला सांगत नाही.

पंचवटीतल्या एका सर्जनचा फोन आला. मी काम करत होते, रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये.

"मानेतली गाठ काढतोय. कशात पाठवू?"

"फॉर्मॅलिनमध्ये," मी म्हटलं आणि ठेवला.

इतकंच. दिवसातून दहा वेळा मी तेच उत्तर द्यायचे.

मॅडमनी काच बघितली आणि म्हणाल्या, "टीबी आहे. कल्चरला अर्धी बाजूला ठेवायला सांगितली होतीस ना?" कल्चर म्हणजे गाठीतले जंतू वाढवायचे आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघायचं. त्यासाठी जंतू जिवंत हवेत. फॉर्मॅलिनमध्ये काहीच जिवंत राहत नाही. गाठ अख्खी फॉर्मॅलिनमध्ये होती.

माझा चेहरा बघून मॅडमना उत्तर कळलं. "सुरेखा, 'कशात' असं कुणी विचारलं, की आपण आधी 'कशासाठी' विचारायचं." बस, एवढंच म्हणाल्या.

पेशंट बावीस वर्षांची मुलगी, बालवाडीत शिकवणारी. नेहमीची औषधं सुरू झाली. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा मानेला नव्या गाठी होत्या आणि अंगावर ड्रेस हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता. त्या वेळी मी स्वतः साध्या सलाइनची बाटली घेऊन पंचवटीत ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहिले. कल्चर झालं. घेतलेली औषधं तिला लागूच पडणारी नव्हती. मग वेगळी औषधं, रोजची इंजेक्शनं, दीड-दोन वर्षं.

बरी झाली. पेढे घेऊन आली. मी नाव विचारलं तर हात कानामागे नेऊन म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला ना, ताई. त्या इंजेक्शनांनी ऐकायला कमी येतं." बालवाडी सुटली होती. मुलांचं बोलणं कळत नाही म्हणाली. मग माझ्या हातावर पेढा ठेवून, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी खूप मोठ्याने म्हणाली, "डॉक्टर सांगत होते, तुमच्या लॅबनं त्या वेळी शोधलं म्हणून मी वाचले!"

मी पेढा खाल्ला. काय करणार?

*

आणि हा शेवटचा. या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा रामदासभाऊंच्या रिटायरमेंटला एक वर्ष उरलं होतं. मोठा मुलगा प्रकाश पंचवीस वर्षांचा, घरची फुलशेती तोच बघायचा. दोन महिन्यांवर त्याचं लग्न होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला रामदासभाऊंच्या मोबाइलवर घरून फोन आला. गुरांसाठी चारा कापताना प्रकाशचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला होता. अंगठा मुळापासून तुटला. शेजाऱ्यांनी त्याला जीपमध्ये घालून हॉस्पिटलला आणलं होतं, आमच्या लॅबपासून दोन गल्ल्यांवरच. अंगठा मात्र चाऱ्याच्या ढिगात पडला होता आणि रामदासभाऊंचा धाकटा भाऊ तो शोधत होता.

रामदासभाऊ चपला घालत होते तेवढ्यात लॅबचा फोन वाजला. मी घेतला. हॉस्पिटलमधून सिस्टर बोलत होती. "कट एकदम साफ आहे. सर म्हणतात, अंगठा मिळाला तर जोडून बघू. सापडला की लगेच आणा. खराब होऊ देऊ नका."

मी जसंच्या तसं रामदासभाऊंना सांगितलं. "जोडता येईल म्हणतायत, भाऊ! फक्त खराब होऊ देऊ नका म्हणाले."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. त्यांचा भाऊ मोटरसायकलवरून थेट लॅबमध्येच आला होता. "दादा, सापडला!" त्याच्या मुठीत रुमाल होता. तो उघडायचीही त्याला हिंमत होत नव्हती.

रामदासभाऊंनी रुमाल घेतला. "आता काळजी नको," ते भावाला म्हणाले. "माझ्याकडे आलाय ना? आता खराब होणार नाही."

अंगठा त्यांनी नळाखाली हलक्या हाताने धुतला. नखात अडकलेली चाऱ्याची काडी चिमट्याने काढली. माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी बरणी दिली. झाकण काढून दिलं. त्यांनी काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, वरून टेप गुंडाळली. लेबलवर त्यांच्या त्या गोल, सुंदर अक्षरात लिहिलं: प्रकाश रामदास, वय पंचवीस, उजवा अंगठा, वेळ अकरा वीस. मी शेजारीच उभी होते. ओल्या अक्षरांवर टिपकागद मीच दाबला.

मग बरणी छातीशी धरून रामदासभाऊ निघाले आणि मी त्यांच्या मागे. दोन गल्ल्या आम्ही पळतच गेलो. साठीला आलेला माणूस, पण मला गाठता येत नव्हता.

थिएटरच्या दारात सर्जन हातमोजे घालून तयार उभे होते. शेजारी सिस्टर, तिच्या हातात बर्फाने भरलेलं स्टीलचं भांडं. आतून वडिलांची वाट बघणाऱ्या प्रकाशचा आवाज येत होता, "अण्णा आले का? अण्णा आले का?"

"आणला?" सर्जननी विचारलं.

"आणला, साहेब." रामदासभाऊंनी टेप सोडवली, झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी बरणी पुढे धरली.

सर्जन वाकले आणि एकदम मागे झाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हे... हे कशात ठेवलंय तुम्ही?"

रामदासभाऊ ताठ उभे राहिले. धाप लागली होती, तरी आवाज अगदी खणखणीत.

"दहा टक्के फॉर्मॅलिन, बफर्ड. आज सकाळीच ताजं बनवलंय, साहेब!"